घराची कर्ती आणि खानदेशची एकाहत्तर वर्षे

सन १८८० मध्ये मुंबई सरकारने आपल्या गॅझेटियरचा १२ वा खंड प्रसिद्ध केला आणि तापी, गिरणा, पांझरा, बोरी व वाघूर यांच्या खोऱ्यांत पसरलेला अवघा खानदेश, त्याची काळी जमीन, कपाशी, साऱ्याचे दर, जातिजमाती, तीर्थे, किल्ले, पेठा आणि रस्ते यांसह, एका जाडजूड ग्रंथात आणून ठेवला. गिरणेच्या डाव्या तीरावरील आमच्या भडगावाची हकीकतही त्या काळच्या सरकारी कागदांत आहे. १८७२ च्या सप्टेंबरातील महापुराने या गावची शेकडो घरे ओढून नेली, आणि कापसाच्या सुधारणेसाठी सरकारने येथे प्रायोगिक शेत चालविले, या गोष्टी दूरदेशीच्या वाचकासही कळाव्यात अशा नेटकेपणाने तेव्हा नोंदल्या गेल्या. पूर ओसरल्यावर ज्यांनी गाळातून भांडीकुंडी उपसली असतील, भिजलेली ज्वारी उन्हात पसरून त्यातली खाण्याजोगी कोणती आणि बियाण्याजोगी कोणती हे निवडले असेल, आणि पडक्या भिंतीच्या आडोशाला तीन दगड मांडून पुन्हा चूल पेटविली असेल, त्या स्त्रियांचा मात्र कोठे उल्लेख नाही. आणि तो असावा हा विचारही त्या काळच्या कोणत्याच दप्तराला शिवला नव्हता.

त्याच १८८० साली, २४ ऑगस्ट रोजी, जळगावपासून दोनएक कोसांवरच्या आसोदे गावी उखाजी महाजन आणि भिमाई यांच्या घरी एक कन्या जन्माला आली. तो दिवस नागपंचमीचा होता असे परंपरेने सांगितले जाते. मुलीचे नाव बहिणा ठेवले गेले. घामा, गना आणि घना हे तीन भाऊ, अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी, असे ते भरलेले, शेतीभातीचे, खाऊनपिऊन सुखी घर होते. पुढे एकाहत्तर वर्षांनी ही स्त्री निवर्तली तेव्हा महाराष्ट्राला तिचे नाव ठाऊक नव्हते, आणि त्यानंतर वर्षभरातच ते घरोघरी पोहोचले. आज बहिणाबाई चौधरी म्हटले की प्रत्येकाच्या मनात कवयित्री उभी राहते, आणि ते सर्वथा योग्यच आहे. परंतु मला येथे त्यांच्याविषयी लिहावयाचे आहे ते एका कुटुंबाची कर्ती स्त्री म्हणून, कारण आयुष्यातील अखेरची चाळीसहून अधिक वर्षे त्या प्रथम ती होत्या, आणि त्यांची गाणी त्या कर्तेपणातूनच उगवली अशी माझी धारणा आहे.

भडगावात बसून जळगावच्या बाईंविषयी लिहिण्यास आणखीही एक कारण आहे. आमच्या गिरणाकाठच्या जुन्या घरांतून एक वडीलधारी स्त्री हटकून असे. तिला कोणी मोठी माय म्हणे, कोणी जिजी म्हणे. कोठीच्या किल्ल्या तिच्या कनवटीला असत. यंदा कोणत्या शेतात कपाशी आणि कोणत्यात ज्वारी, हा निर्णय ओट्यावर बसलेले पुरुष उच्चारीत, पण तो आदल्या रात्री चुलीपुढे ठरलेला असे. अखाजीला नवा सालदार ठरवावयाचा तर त्याच्या घरची माणसे कशी आहेत हे तिला विचारल्यावाचून बोलणी पुरी होत नसत. अशा स्त्रिया गावोगाव होऊन गेल्या, त्यांची नातवंडे-पणतवंडे आजही त्यांचे नाव काढताना गहिवरतात. पण तिसऱ्या पिढीनंतर त्यांचे नावसुद्धा कोणाला धड सांगता येत नाही. भडगावपासून सोळा-सतरा कोसांवर, त्याच काळ्या मातीत, त्याच कपाशीवर आणि त्याच पावसाच्या भरवशावर जगलेल्या अशा एका स्त्रीची हकीकत मात्र, काहीशी योगायोगाने आणि बरीचशी तिच्या मुलाच्या निष्ठेने, आपल्या हाती राहिली आहे. जिच्याबद्दल काही निश्चित सांगता येते अशी आमच्या मुलखातली ती मोठी माय आहे.

आसोद्याच्या घरात मुलींनी अक्षर गिरविण्याचा प्रघात नव्हता आणि बहिणाबाई आयुष्यभर निरक्षरच राहिल्या. निरक्षर म्हणजे अशिक्षित असे समजण्याची घाई मात्र कोणी करू नये. पहाटे जात्यावर बसणे, उखळ-मुसळ, सूप-चाळण, शेणाने सारविणे, गुरांचे चारापाणी, निंदणी, वेचणी, आणि या प्रत्येक कामाबरोबर कानावर पडणारी ओवी, म्हण, उखाणा, कहाणी, हा त्या काळच्या मुलीचा अभ्यासक्रम होता आणि त्याची परीक्षा रोज होत असे. त्यात वर्षाच्या सणांची जोड. खानदेशात अक्षय्यतृतीयेला अखाजी म्हणतात आणि तो सण विशेषेकरून सासुरवाशिणींचा. वैशाखाच्या रखरखत्या उन्हात लेकी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाच्या झाडांना झोके बांधले जातात आणि सासरी वर्षभर मनात दडपलेले सारे काही गाण्यांतून मोकळे होते. बहिणाबाईंच्या रचनेत माहेराची जी ओढ आणि सणावारांचा जो उल्हास दिसतो तो या अखाजीच्या झोक्यावर आणि आसोद्याच्या अंगणात पोसलेला आहे.

वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे १८९३ च्या सुमारास, जळगावचे खंडेराव चौधरी यांचे चिरंजीव नथूजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन कोसांचे अंतर ते काय, पण आसोद्याच्या मुलीला ते एका युगातून दुसऱ्या युगात नेणारे होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला अपूर्व भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळास पोहोचला. खेडेवजा जळगाव पाहता पाहता कापसाची मोठी पेठ झाले. सरकी काढण्याचे कारखाने, गठ्ठे बांधण्याचे दाबखाने आणि पुढे कापडाची गिरणीही तेथे उभी राहिली. ज्या कपाशीचा भाव पूर्वी गावच्या सावकाराच्या ओटीवर ठरे तो आता मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारावर हलू लागला. शेतकऱ्याच्या घरात रोकड खेळू लागली ती याच काळात, आणि त्या रोकडीच्या पाठोपाठ कर्जाचे दस्त, गहाणखते आणि दिवाणी दरखास्तीही आल्या.

या नव्या व्यवहारात पुरुषाचे नाव सर्वत्र झळकते. खातेदार तो, कर्जदार तो, अडत्याच्या वहीत मांडलेला तोच. पण कपाशीचे पीक हे फार मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हातांनी घरात येते, ही गोष्ट ज्याने वेचणीचे दिवस पाहिले आहेत त्याला सांगावी लागत नाही. दव सुकण्याच्या आत शेत गाठावयाचे, पाठीला ओटी बांधावयाची, बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या बोटांना ओरबाडीत असताना कवडी न सांडता कापूस काढावयाचा, आणि सूर्य कलल्यावर ते ओझे डोक्यावर घेऊन घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसावयाचे. जळगावची सून म्हणून बहिणाबाईंनी हे सारे केले. एकत्र कुटुंबातील सुनेला शेत आणि घर अशी दोन निरनिराळी क्षेत्रे नसतात. त्यांच्या गाण्यांत पेरणी, कापणी, मळणी, उपणणी, मोट, पोळा, चूल आणि घरोट हे सगळे एकाच श्वासात येते, त्याचे कारण हे. खानदेशी माणूस जात्याला घरोट म्हणतो. दिवसाची पहिली घटका त्या घरोटापाशी उगवे आणि मनात आलेले गाणे तेथेच आकार घेई.

लग्नाला तीन वर्षे होतात न होतात तोच अवर्षणाचे पर्व सुरू झाले. १८९६-९७ चा दुष्काळ सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा आला, आणि तो असा आला की संवत १९५६ चा म्हणून ‘छप्पन्नचा काळ’ हे शब्द पुढे कित्येक दशके म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी राहिले. वय सांगावयाचे तर ‘छप्पन्नच्या आधीचा’ किंवा ‘छप्पन्नच्या नंतरचा’ असे सांगण्याची रीत पडली. विहिरी आटल्या, वैरण संपली, गुरे दावणीला मेली; सरकारने खडी फोडण्याची आणि रस्ते-तलावांची कामे काढली, तगाई वाटली, सारा तहकूब केला आणि त्या सर्वांचे तक्ते छापले. बहिणाबाई तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या होत्या. अशा वर्षी घरातल्या बाईकडे येणारे काम कोणत्याही तक्त्यात मावणारे नसते: कणगीतली ज्वारी पुढल्या पावसापर्यंत पुरवावयाची, पण बियाण्याच्या मडक्याला हात लावावयाचा नाही, मुलांना आधी, कामावर जाणाऱ्यांना त्यानंतर, आणि स्वतःला उरले तर. एखादे घर दुष्काळातून तगले की त्याचे श्रेय पुढे सुपीक शेताला किंवा सावकाराच्या सद्भावाला दिले जाते. ते बियाण्याचे मडके कोणी राखले होते हे कोणी विचारीत नाही.

दुष्काळाच्या मागोमाग प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत उघडकीस आलेली ही साथ रेल्वेच्या वाटेने देशभर पसरली, आणि कापसाच्या गाड्यांनी भरलेला खानदेश तिच्या मार्गातच होता. उंदीर पडू लागले की गाव रिकामे करावयाचे, माळावर किंवा शेतात झोपड्या घालून महिनोन्महिने राहावयाचे, आणि परत आल्यावर कोण उरले ते मोजावयाचे, असा क्रम पुढे अनेक हिवाळे चालला. चौधरींच्या घरावर या साथीचा आघात पडला तो मुलावर. बहिणाबाईंना काशी ही मुलगी आणि ओंकार व सोपान हे दोन मुलगे. त्यांपैकी ओंकारला प्लेगने गाठले. तो वाचला, पण त्याला कायमचे अपंगत्व आले. प्लेगच्या सरकारी आकड्यांत मेलेले आणि बरे झालेले असे दोन रकाने असत. बरे झालेल्यांच्या रकान्यात बसूनही ज्याचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या आधाराने जावयाचे, अशा मुलाच्या आईसाठी तिसरा रकाना नव्हता.

आणि मग १९१० साल उजाडले. नथूजी चौधरी निवर्तले तेव्हा बहिणाबाई तीस वर्षांच्या होत्या आणि धाकटा सोपान जेमतेम तीन वर्षांचा. येथे मला थोडे थांबून, त्या काळी विधवा होणे म्हणजे व्यवहारात काय होते हे सांगितले पाहिजे, कारण कपाळाचे कुंकू आणि हातच्या बांगड्या जाण्याचे दुःख आपल्या साहित्यात पुष्कळ वर्णिले गेले आहे, पण कागदोपत्री काय होई इकडे लक्ष क्वचितच जाते. मिताक्षरा नियमाप्रमाणे एकत्र कुटुंबातला पुरुष मरण पावला की त्याचा वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा उरलेल्या पुरुष सहदायादांकडे जाई. विधवेला अन्नवस्त्राचा हक्क, त्याहून अधिक काही नाही. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीची हक्कनोंदणी सुरू झाली होती आणि गावोगावी फेरफाराच्या वह्या भरू लागल्या होत्या. कर्ता पुरुष गेला आणि मुले अज्ञान असली की खात्याला मुलांची नावे लागत, आणि आईचे नाव लागलेच तर ‘अज्ञान पालनकर्ती’ म्हणून, म्हणजे मूल सज्ञान होईपर्यंतची राखणदार म्हणून. नांगरट कोणती करावयाची, सारा कसा भरावयाचा, सावकाराला किती आणि केव्हा द्यावयाचे, मुलीचे लग्न कोठे ठरवावयाचे, हे सर्व तिने करावयाचे. पण ज्या मातीत ती राबे त्या मातीवर तिचे म्हणून काही नसे.

हा अन्याय दुरुस्त करण्याचा पहिला ठळक प्रयत्न १९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्याने झाला. पतीच्या हिश्शात विधवेला वाटा मिळाला, तोही मर्यादित, हयातीपुरता. परंतु कायदा अमलात येण्यापूर्वी ज्यांचे पती वारले होते त्यांना तो लागूच नव्हता, आणि शेतजमिनीच्या वारसाहक्कापर्यंत तो पोहोचत नाही असा निर्णय फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये दिला, तेव्हा प्रांतिक सरकारांना त्यासाठी वेगळे कायदे करावे लागले. पूर्ण मालकीचा हक्क देणारा हिंदू वारसा कायदा आला १९५६ साली, बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. १९१० साली विधवा झालेल्या खानदेशातील हजारो स्त्रिया अशा रीतीने कायद्याच्या दोन्ही दारांबाहेरच राहिल्या. तरीही घरे उभी राहिली, शेते पिकली, मुले शिकली. हे कसे घडले याचा विचार करू लागलो की मला त्या स्त्रियांच्या धैर्यापुढे नतमस्तक व्हावेसे वाटते, आणि ज्या व्यवस्थेने ते धैर्य फुकट वापरले तिच्याबद्दल संतापही येतो.

बहिणाबाईंच्या वाट्याला वैधव्याबरोबर ओढगस्त आली, एकत्र कुटुंबातील ताणतणाव आले, आणि जन्मभर सांभाळावयाचा एक मुलगा आला. त्यांनी आपल्या वैधव्यावर गाणे रचले आहे. त्यात नियतीने जे पुसून नेले त्याचे दुःख आहे, पण त्याच गाण्यात हातांच्या कर्तृत्वावरचा विश्वासही आहे. या विश्वासाची प्रचीती त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांत जागोजाग येते. १९१८ साली इन्फ्ल्यूएन्झाची भयंकर साथ आली, त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. पहिल्या महायुद्धानंतर कापसाचा भाव चढला आणि १९३० च्या आसपास जगभरच्या मंदीत तो असा कोसळला की कित्येक सधन खातेदार दिवाळखोरीला लागले. या लाटांवरून त्यांनी आपले घर तारून नेले. काशीचे लग्न झाले, अपंग ओंकारला घरात माणूस म्हणून मान राहिला, आणि सोपान शिकला. शेतात राबणाऱ्या निरक्षर विधवेच्या घरात एक मुलगा पुस्तक घेऊन बसला आहे आणि त्याला शेताकडे पिटाळण्याची गरज असूनही पिटाळले जात नाही, यातली किंमत आज शाळा घराशेजारी असताना सहज ध्यानात येत नाही.

या पुस्तकापासूनच पुढचा प्रसंग घडला. सोपानने शाळेतल्या क्रमिक पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा घरी मोठ्याने वाचली. आई काम करता करता ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सबंध कथेचे गाणे झालेले होते आणि आई ते म्हणत होती. मुलगा चकित झाला. आई गुणगुणते हे त्याला ठाऊक होते. पण सगळ्याच आया जात्यावर गुणगुणतात, आणि परंपरेने आलेले गाणे कोणते व स्वतः जुळविलेले कोणते हा भेद ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही, म्हणणारीलाही तो महत्त्वाचा वाटत नाही. त्या दिवसापासून सोपानला तो कळला. पुढे सोपानदेवांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ही गाणी जशी कानी पडली तशी उतरून घेण्यास आरंभ केला. जी गाणी शेतात म्हटली गेली आणि तेथे कोणी लिहिणारे नव्हते, ती वाऱ्यावर गेली. आणि गेलेली राहिलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक असली पाहिजेत, कारण बाईंचा बराचसा दिवस शेतात जाई.

येथे मला धुळ्याची आठवण होते. ज्या वर्षांत जळगावच्या चौधरीवाड्यात ही गाणी वहीत उतरत होती, त्याच काळात खानदेशाच्या पश्चिमेकडील त्या शहरी इतिहासाचार्य राजवाडे आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे घालवीत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने बावीस खंड प्रसिद्ध करणारा तो तपस्वी गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, वाण्याच्या दुकानातल्या रद्दीतूनही कागद वेचीत हिंडला, आणि १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यासच त्याने देह ठेवला. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले. सनदा, महजर, वतनपत्रे, करीने, ताळेबंद यांच्यावाचून इतिहास लिहिता येत नाही हा धडा महाराष्ट्राने राजवाड्यांपासून घेतला आणि तो मोलाचा आहे. तथापि १८८० ते १९५० या काळातील खानदेशी घराचा अंतर्भाग ज्याला पाहावयाचा असेल, त्याला फेरफाराच्या वहीत, दुष्काळाच्या अहवालात किंवा कापसाच्या भावपत्रकात तो सापडणार नाही. तो सापडेल सोपानदेवांच्या त्या वहीत, जिच्यात कोणत्या कामाला किती वेळ लागे, नांगरल्यावर मातीला कसा वास येई, सासरी जाणाऱ्या लेकीला वाट कशी दिसे, कोणाचे मन कसे चंचल आणि कोणाची माणुसकी कशी आटलेली, हे त्या घरात राबणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या बोलीत सांगून ठेवले आहे. माझ्या मते ही वही इतिहासाचे अव्वल दर्जाचे साधन आहे, आणि काव्य म्हणून तिचा जो गौरव झाला त्याच्याइतकाच गौरव साधन म्हणूनही व्हावयास हवा होता.

बाहेरच्या जगात या काळात पुष्कळ घडत होते. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगाव पूर्व खानदेशचे मुख्य ठाणे बनले आणि भडगाव पाचोऱ्याखालचा पेटा म्हणून राहिले. १९२४ पासून काही वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवीत होते. १९३६ च्या डिसेंबरात, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन म्हणून ख्यातनाम झालेली काँग्रेसची बैठक फैजपूरला पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरली, तेव्हा बहिणाबाईंच्याच लेवा पाटीदार समाजाची वस्ती असलेल्या त्या टापूत देशाचे सारे पुढारी येऊन गेले. या घडामोडींत त्यांचे नाव नाही, आणि ते ओढूनताणून आणण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. शेतकऱ्यांच्या ज्या हलाखीविषयी फैजपूरच्या व्यासपीठावर ठराव झाले ती हलाखी बहिणाबाईंनी त्यापूर्वी कित्येक दशके प्रत्यक्ष भोगलेली होती, एवढे म्हणणे पुरे.

सोपानदेव पुढे कवी म्हणून नावारूपाला आले, ‘काव्यकेतकी’सारखे संग्रह त्यांच्या नावावर जमा झाले, रविकिरण मंडळाच्या पिढीतल्या आणि त्यानंतरच्या कवींत त्यांची ऊठबस झाली. मुलाच्या कविता सभांतून वाचल्या जात असताना आई जळगावात आपल्या घरी, आपल्या कामात होती. सुना-नातवंडांच्या घरातील वृद्ध आजीचे जे आयुष्य असते ते त्यांचे झाले: सणांना कुळाचार पाहणे, अडल्यानडल्याला औषधपाणी, भांडणात दोन शब्द, आणि ज्याचे त्याचे स्वभाव अचूक ओळखणारी ती तिखट पण मायाळू दृष्टी. त्यांच्या गाण्यांत नातलग, शेजारी, गावातली निरनिराळी माणसे यांची जी जिवंत चित्रे आहेत ती बाहेरून पाहून काढलेली नाहीत. ज्या घरातल्या प्रत्येकाचे दुखणेखुपणे आपल्या पदराशी येते, त्या घरच्या वडील स्त्रीलाच माणसे इतकी खोलवर कळतात. ३ डिसेंबर १९५१ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, जळगावातच त्यांचे देहावसान झाले.

आईच्या पश्चात सोपानदेवांनी ती वही काहीशा संकोचाने आचार्य अत्र्यांना दाखविली. संकोच स्वाभाविक होता. मराठी कवितेत त्या वेळी मर्ढेकरांच्या नवतेचे वारे वाहत होते, आणि लेवा गणबोलीतल्या, निरक्षर बाईच्या, शेतावरच्या गाण्यांना पुण्या-मुंबईत कोण विचारील ही शंका मुलाच्या मनात आली असल्यास नवल नाही. अत्र्यांनी पहिलेच गाणे वाचले आणि हे धन महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे हा गुन्हा ठरेल अशा आशयाचे उद्गार काढले. १९५२ साली त्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटाने त्यांतील काही गाणी जे वाचीत नव्हते त्यांच्याही कानापर्यंत नेली, पाठ्यपुस्तकांनी ती मुलांना दिली, आणि २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला, ज्या बाईंनी आयुष्यात शाळेची पायरी चढली नव्हती त्यांचे नाव देण्यात आले. जुन्या जळगावातील त्यांचे राहते घर कुटुंबीयांनी जपले आहे आणि त्यांच्या हाताळणीतल्या वस्तू, शेतीची अवजारे आणि स्वयंपाकाची भांडी तेथे मांडून ठेवली आहेत.

गाणी जगापुढे आली, पण ज्या चाळीस वर्षांनी ती गाणी घडविली त्यांचा वृत्तांत अजून तुटकच आहे. ओंकारचे आयुष्य आईच्या सावलीत कसे गेले, काशी सासरहून माहेरी आली म्हणजे मायलेकी काय बोलत, १९३० च्या मंदीत घरचा सारा कसा भरला गेला, याविषयी चरित्रकारांनी थोडे लिहिले आहे आणि पुष्कळ लिहावयाचे राहिले आहे. जळगावच्या महसुली दप्तरातील त्या वर्षांचे फेरफार, आसोद्याच्या आणि जळगावच्या घरांतील आठवणी आणि ही गाणी ही तिन्ही साधने एकत्र मांडून एका खानदेशी कर्त्या स्त्रीचे सांगोपांग चरित्र लिहिणे शक्य आहे. धुळे-जळगावच्या तरुण अभ्यासकांपैकी कोणी ते काम अंगावर घ्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि त्याने गिरणाकाठच्या चार घरांतही जाऊन यावे, कारण तेथील जुन्या खात्यांतून ‘अज्ञान पालनकर्ती आई’ या शब्दांपुढे लिहिलेली कितीतरी नावे अद्याप वाचता येण्यासारखी आहेत.